पायऱ्या गेल्या कुठे? रस्ते, डांबर आणि कंत्राटदारांच्या संघटना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नागरी प्रश्न अभ्यास गटाच्या वतीने झालेल्या भाषणाचा हा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून पूर्ण देत आहोत. – संपादक)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या गटाचा विषय छापून आला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी फोन करून विचारले, "अहो, मराठी मंडळाच्या मेळाव्यात डांबराचे काय काम? शाळा, ग्रंथालय, नाट्यगृह हे विषय संपले की काय?" संपलेले नाहीत. पण ज्या वाड्यात ते ग्रंथालय आहे त्या वाड्यात गेल्या पावसाळ्यात पाणी शिरले आणि खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके भिजली. आमच्या गावाचे नाव मुद्दाम घेत नाही. आपल्यापैकी जे जे जुन्या पेठेत राहतात त्या प्रत्येकाला ते आपलेच गाव वाटेल.

आमच्या पेठेतली घरे आजोबा-पणजोबांच्या काळातली आहेत. दगडी जोते, त्यावर ओटा, ओट्याला पाच पायऱ्या. आज त्यातल्या दोनच दिसतात. तीन पायऱ्या गेल्या कुठे? त्या रस्त्याच्या पोटात गेल्या. दर चार-पाच वर्षांनी जुन्या रस्त्यावर नवा थर चढतो, चार ते पाच सेंटिमीटरचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत नऊ थर धरा; दीड फूट होतात. पायरी अर्ध्या फुटाची, म्हणजे तीन पायऱ्या. हिशेब चोख जुळतो. घर खचलेले नाही, रस्ता वर आला आहे. पूर्वी पाणी घराकडून गटाराकडे जायचे, आता गटाराकडून घराकडे येते.

यावर उपाय नवीन नाही. नवा थर टाकण्याआधी जुना तेवढाच थर यंत्राने खरवडून काढायचा. याला मिलिंग म्हणतात, आणि हे यंत्र आपल्याकडच्या महामार्गांवर कित्येक वर्षे चालते आहे. मग पेठेत का नाही? हा प्रश्न आम्ही ज्या कंत्राटदाराला विचारला तो आपल्याच समाजातला, आमच्यापैकी दोघांनी त्याला शाळेत शिकवलेला. तो म्हणाला, "काका, खरवडायला माझी ना नाही. पण खरवडलेला माल टाकू कुठे ते सांगा. दरसूचीत त्याला किंमत नाही, निविदेत त्याचा उल्लेख नाही. तो वापरला तर बिल अडकतं, फेकला तर लोक ओरडतात. त्यापेक्षा वरून थर टाकला की सगळे खूश." आम्हाला त्याचा राग आला नाही. तो खरे बोलला होता. आम्ही त्याला पुढे विचारले, "तुमची कंत्राटदारांची संघटना आहे ना? ती याबाबत काय करते?" तो हसला. "संघटना थकलेल्या बिलांसाठी मोर्चा काढते, काका."

आजचे सगळे भाषण या उत्तरातून निघाले आहे. आम्ही चार-पाच निवृत्त माणसे, दोन स्थापत्य अभियंते, एक बँकेतले, एक शिक्षक. आम्ही ठरवले की इतर देशांत कंत्राटदारांच्या संघटना काय करतात ते वाचून काढायचे. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्दाचा एक घोटाळा दूर करू. आपण सरसकट डांबर म्हणतो. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या आठवतात ना? ते खरे डांबर दगडी कोळशापासून निघणारे. त्यात शरीराला घातक अशी द्रव्ये पुष्कळ. आज रस्त्यावर असते ते बिटुमेन, खनिज तेलाच्या रिफायनरीत तळाशी उरणारे. बडोदेकरांना हे सांगायला नको, कोयलीची रिफायनरी त्यांच्या दारातच आहे. नाव तेच राहिले, वस्तू बदलली. रस्त्याच्या मिश्रणात हे बिटुमेन वजनाने जेमतेम पाच टक्के असते, बाकी पंचाण्णव टक्के खडी, कच आणि भुकटी. पण खर्च आणि प्रदूषण यांचा मोठा वाटा त्या पाच टक्क्यांत आणि ते तापवण्यात आहे. देशाला वर्षाला लागणारे बिटुमेन ऐंशी-नव्वद लाख टनांच्या घरात आहे आणि त्यातला बराच भाग बाहेरून येतो.

आता या बिटुमेनचा एक गुण असा की ते पुन्हा तापवले की पुन्हा चिकटते. म्हणजे खरवडलेला जुना रस्ता हा कचरा नाही. त्यात खडी आहे आणि बिटुमेनही आहे. आमच्या गल्लीचा हिशेब सांगतो. लांबी अडीचशे मीटर, रुंदी चार मीटर. वरचा चार सेंटिमीटरचा थर काढला तर नव्वद टनांच्या आसपास माल निघतो. त्यात पाच टक्क्यांच्या हिशेबाने चार-साडेचार टन बिटुमेन. आजच्या भावाने गुणाकार आपणच करा. एवढा माल एका गल्लीतून, आणि आमच्याकडे मागे एकदा खरवडलेला माल एका रिकाम्या भूखंडावर ओतून दिला होता. अजून तिथेच आहे, त्यावर गवत उगवले आहे.

अमेरिकेत ही अक्कल सुचली ती १९७३ च्या तेलटंचाईनंतर. बिटुमेन महागले तेव्हा जुन्या रस्त्याकडे लोकांचे लक्ष गेले. तिथे डांबरी रस्ते करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना आहे, नापा या आद्याक्षरांनी ओळखली जाते. स्थापना १९५५ ची. ही धर्मादाय संस्था नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. सभासदांचा धंदा वाढावा, सिमेंटच्या रस्त्यांपेक्षा डांबरी रस्ते जास्त व्हावेत, सरकारने रस्त्यांवर जास्त पैसा खर्च करावा, यासाठीच ती आहे. पण धंदा टिकवायचा तर माल चांगला असला पाहिजे आणि तो चांगला आहे हे सिद्ध करता आले पाहिजे, हे तिने ओळखले. १९८६ साली उद्योगाच्या देणगीतून अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात डांबरी रस्त्यांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले. तिथे २००० सालापासून पावणेतीन किलोमीटरची एक अंडाकृती चाचणी धाव आहे. धावेचे तुकडे पाडलेले आहेत, प्रत्येक तुकड्यात वेगळे मिश्रण. त्यावर वजनाने लादलेले ट्रक रोज गोल गोल फिरतात. सामान्य रस्त्यावर जी झीज व्हायला बरीच वर्षे लागतील ती तिथे दोन वर्षांत दिसते. जुना माल किती घातला तर चालतो, कुठे तडे जातात, कोणते बिटुमेन घातले तर जुन्या मालाचा कडकपणा सांभाळला जातो, याची उत्तरे तिथे मिळतात.

आपल्या कंत्राटदाराची अडचण आठवा. "वापरला तर बिल अडकतं." अमेरिकेतल्या कंत्राटदाराचीही अडचण हीच होती. सरकारी अभियंता म्हणायचा, जुना माल घातलेला रस्ता टिकेल याचा पुरावा काय? एकटा कंत्राटदार हा पुरावा कुठून आणणार? चाचणी धाव बांधणे त्याच्या कुवतीबाहेरचे, आणि त्याने स्वतः केलेल्या चाचणीवर विश्वास कोण ठेवणार? संघटना हे करू शकते. पैसा सर्वांनी मिळून घालायचा, चाचणी विद्यापीठाने करायची आणि निकाल सरकारपुढे ठेवून नियम बदलून घ्यायचा. २००९ सालापासून ही संघटना केंद्रीय महामार्ग खात्याच्या सहकार्याने दरवर्षी पाहणी करते की कोणत्या राज्यात किती जुना माल नव्या मिश्रणात गेला. २००९ मध्ये सरासरी प्रमाण पंधरा-सोळा टक्के होते, दहा वर्षांनी ते एकवीस टक्क्यांच्या आसपास आले. आकडा फार मोठा वाटत नाही, पण देश किती मोठा आहे ते पाहा. जपान तर याच्या पुष्कळ पुढे आहे. तिथे उखडलेले डांबरी मिश्रण जवळजवळ सगळे परत वापरले जाते.

दुसरी गोष्ट तापमानाची. हिच्यात आम्हाला सर्वांत जास्त रस वाटला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नेहमीचे मिश्रण दीडशे-एकशे साठ अंशांना तयार होते. तो धूर आपण पाहिलेला आहे. पेव्हरच्या मागे फावडे घेऊन चालणारा मजूर तो दिवसभर छातीत घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०११ साली रस्त्याच्या कामातल्या या धुराचा संपर्क 'कर्करोगाची शक्यता असलेल्या' गटात टाकला. ठाम निष्कर्ष नव्हे, शक्यता. पण ज्याच्या छातीत तो धूर जातो त्याला एवढा फरक पुरेसा नाही.

जर्मनीत १९९७ साली या धुरासाठी एक चर्चामंडळ स्थापन झाले. त्यात उद्योगाच्या संघटना होत्या, कामगार संघटना होत्या, अपघातविमा संस्था आणि सरकारी खातीही होती. धूर कमी करायचा तर तापमान कमी केले पाहिजे, हे उघड होते. पण तापमान कमी केले की बिटुमेन घट्ट होते, खडीला नीट लागत नाही आणि रोलरखाली दबत नाही. मग कोणी त्यात विशिष्ट मेण घातले, कोणी पाणी धरून ठेवणारे खनिज घातले, तर नॉर्वेत बिटुमेनचा फेस करून वापरला. दूध उतू जाताना थोडेसे दूधही पातेलेभर होते, तसेच हे. फेसाळलेले बिटुमेन कमी उष्णतेतही प्रत्येक खड्याला लागते. वीस-तीस अंश, कधी त्याहून जास्त तापमान खाली आले. धूर कमी झाला आणि इंधनही वाचले, परिस्थितीप्रमाणे दहा ते तीस टक्के.

अमेरिकन संघटनेचे पदाधिकारी २००२ साली हे पाहायला युरोपात गेले. २००३ च्या आपल्या वार्षिक अधिवेशनात त्यांनी तो विषय मांडला, पुढच्या वर्षी प्रत्यक्ष प्रात्यक्षिक केले आणि २००५ मध्ये महामार्ग खात्याबरोबर एक तांत्रिक गट नेमला. पंधरा वर्षांच्या आत तिथल्या एकूण डांबरी मिश्रणापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास मिश्रण या कोमट पद्धतीने बनू लागले. कायद्याची सक्ती नव्हती. एका संघटनेची मंडळी परदेशात गेली, पाहून आली आणि आपल्या सभासदांना पटवून दिले. आपल्याकडचे परदेश अभ्यासदौरे आपण जाणतोच, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

त्याच संघटनेची याआधीची एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. पेव्हरवर धूर ओढून घेणारा पंखा आणि धुराडे बसवायचे, यासाठी यंत्र बनवणारे कारखाने, कंत्राटदारांची संघटना, कामगार संघटना आणि सरकारी आरोग्य संशोधन संस्था एकत्र बसले. १९९७ पासून तिथे तयार होणाऱ्या मोठ्या पेव्हरवर ही सोय स्वेच्छेने बसवली जाऊ लागली. भांडण कोर्टात गेले असते तर किती वर्षे गेली असती कोण जाणे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही संघटनांची जाहिरात करतो आहोत असे वाटेल. चार कंत्राटदार एका टेबलाभोवती बसले की ते नेहमी पर्यावरणाचीच चर्चा करतात असे नाही. नेदरलँड्समध्ये बिटुमेन विकणाऱ्या आठ आणि रस्ते बांधणाऱ्या सहा कंपन्यांनी १९९४ ते २००२ अशी आठ वर्षे संगनमताने भाव ठरवले. युरोपीय आयोगाने २००६ साली चौदा कंपन्यांना सव्वीस कोटींहून अधिक युरोंचा दंड ठोठावला. विशेष म्हणजे विकणारा आणि घेणारा दोघेही त्या कटात होते, कारण शेवटी बिल सरकार, म्हणजे करदाता भरणार होता. आपल्याकडेही २००२ च्या स्पर्धा कायद्यात संघटनांच्या आडून भाव ठरवणे हा अपराध मानला आहे. निविदा आधीच वाटून घेतल्याच्या कुजबुजी आपण प्रत्येक गावात ऐकतो. तेव्हा संघटनेचे काय काम आहे आणि काय नाही, हे आपण नागरिकांनी नीट ओळखून असावे. माल कसा असावा, मजूर सुरक्षित कसा राहावा, जुना माल कसा वापरावा, यावर त्यांनी खुशाल एकत्र यावे, उघडपणे यावे आणि इतिवृत्त छापावे. भाव मात्र प्रत्येकाने आपापला भरावा.

पर्यावरणाच्या घोषणांबद्दलही असेच. अमेरिकन संघटनेने २०२२ साली जाहीर केले की २०५० पर्यंत डांबरी रस्त्यांचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू. २०५० ला अजून बराच अवकाश आहे आणि तेव्हा आजचे पदाधिकारी हिशेब द्यायला नसतील. या घोषणेपेक्षा आम्हाला त्यांची दुसरी एक योजना जास्त उपयोगी वाटली. प्रत्येक प्लांटच्या मिश्रणामागे किती इंधन, किती उत्सर्जन, हे ठरीव पद्धतीने मोजून त्याचे पत्रक काढायचे. खाद्यतेलाच्या डब्यावर जसे आत काय आहे ते छापलेले असते, तसे रस्त्याच्या मालाचे पत्रक. घोषणेवर वाद घालता येतो, पत्रकावरचा आकडा तपासता येतो.

आणि ऑबर्नच्या त्या केंद्राने २०१६ साली मांडलेली एक गोष्ट तर अगदी घरगुती आहे. रस्ता दाबताना आत राहिलेली हवेची पोकळी एका टक्क्याने कमी केली, तर रस्त्याचे आयुष्य ढोबळमानाने दहा टक्क्यांनी वाढते. नवे रसायन नको, परदेशी यंत्र नको. रोलरच्या दोन फेऱ्या जास्त, आणि त्या माल गरम असताना. आमच्या गल्लीत मागच्या वेळी डंपर रहदारीत अडकला, माल निवला, आणि रोलरचा चालक जेवायला गेला होता. त्या तुकड्यात पहिल्याच पावसात खडी सुटली. जो रस्ता दुप्पट टिकतो त्याला खडी, तेल, धूर सगळे निम्मे लागते. पर्यावरणाची याहून सोपी व्याख्या आम्हाला सापडली नाही. पुणेकर नातेवाइकांनी आपल्याला जंगली महाराज रस्त्याच्या कथा ऐकवल्या असतीलच. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केलेला तो रस्ता हमीच्या कितीतरी पुढे टिकला.

आपल्या देशात काय आहे? निव्वळ कोरी पाटी मुळीच नाही, आणि तिच्यावरची पहिली अक्षरे तर मराठी माणसाची आहेत. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. त्यांनी पेट्रोलवर जादा कर लावून रस्तेनिधी उभारावा, अभियंत्यांची एक तांत्रिक संस्था स्थापावी, संशोधनसंस्था काढावी अशा शिफारशी केल्या. १९२९ ला केंद्रीय रस्तेनिधी झाला, १९३४ ला इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था स्वातंत्र्यानंतर आली. देशाचा पहिला मोठा रस्ते-आराखडाही १९४३ च्या नागपूरच्या बैठकीतला. कंत्राटदारांची अखिल भारतीय संघटना, बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया, हीसुद्धा १९४१ साली पुण्यात, लष्करी बांधकामे करणाऱ्या कंत्राटदारांनी स्थापन केलेली. म्हणजे बीज आपल्याच अंगणातले आहे.

नियमही आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याची मार्गदर्शिका २०१३ ला काढली. मदुराईच्या प्राध्यापक वासुदेवन यांनी ते तंत्र आधी सिद्ध केले होते आणि त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली. कोमट मिश्रणाची मार्गदर्शिका २०१४ ची, जुन्या रस्त्याच्या पुनर्वापराची २०१५ ची. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्गाच्या एका तुकड्यात वनस्पतिजन्य बिटुमेन वापरले गेले. त्यात पुण्याच्या प्राज कंपनीचा सहभाग होता. हे सगळे अभिमानास्पद आहे. पण दिल्लीत २०१५ साली छापलेली मार्गदर्शिका आमच्या पेठेतल्या निविदेपर्यंत अजून पोहोचलेली नाही. मधला पूल कोणी बांधायचा? सरकारी अभियंता वरून आदेश येण्याची वाट पाहतो, नगरसेवकाला उद्घाटनापुरता काळा कुळकुळीत रस्ता हवा असतो, आणि कंत्राटदार सर्वांत कमी दर भरून काम घेतो, त्यामुळे त्याच्याकडे प्रयोगाला पैसा नसतो. हा पूल अमेरिकेत आणि जर्मनीत कंत्राटदारांच्या संघटनेने बांधला. आपल्याकडेही तिनेच बांधायला हवा, आणि तिला त्याची गरज वाटेल असे आपण करायला हवे.

येथे आपल्या समाजाचा विषय येतो. शिंदे, होळकर, गायकवाडांच्या काळात आपले पूर्वज या गावांत आले ते कारकून, शिलेदार, शास्त्री, ओव्हरसियर म्हणून. बडोद्याच्या कलाभवनातून १८९० पासून तंत्रज्ञ तयार झाले, त्यात आपली माणसे होती. आज मतांच्या हिशेबात आपण किती आहोत ते सर्वांना माहीत आहे. मोर्चा काढला तर पेठेच्या पहिल्या वळणापर्यंतही तो पुरणार नाही. भाषेच्या प्रश्नावर आपण बोललो की लगेच कोणी विचारतो, तुम्ही परत महाराष्ट्रात का जात नाही? दोनशे वर्षे जिथे आपल्या चिता जळल्या तिथून परत कुठे जायचे? पण रस्त्यावर बोललो तर हा प्रश्न कोणी विचारत नाही. शेजारच्या वाण्याच्या दुकानातही पाणी शिरते, मशिदीच्या पायऱ्याही तेवढ्याच गडप झाल्या आहेत. आमच्या गटाच्या दुसऱ्या बैठकीला त्या दोघांकडची माणसे आपणहून आली होती.

आपल्याकडे मते थोडी असली तरी निविदेची कागदपत्रे वाचू शकणारी माणसे आहेत. निवृत्त अभियंते आहेत, लेखापरीक्षक आहेत, माहितीच्या अधिकाराचा अर्ज सुवाच्य लिहिणारे आहेत. हे भांडवल आपण आजवर फक्त गणेशोत्सवाच्या जमाखर्चासाठी वापरले.

गेल्या महिन्यात आम्ही स्थानिक कंत्राटदार संघटनेच्या अध्यक्षांना भेटलो. सुरुवातीला त्यांना वाटले, आपण तक्रार घेऊन आलो. आम्ही तक्रार केली नाही. आम्ही म्हटले, तुमची बिले थकतात हे खरे आहे आणि ते चूक आहे. त्या मागणीला आमचा पाठिंबा आहे, पत्र देतो. पण त्याबरोबर एक मागणी तुम्ही करा. पुढच्या दरसूचीत पेठांमधल्या कामासाठी मिलिंगची बाब धरा, आणि खरवडलेल्या मालाला किंमत लावा, म्हणजे तो भूखंडावर न जाता प्लांटवर जाईल. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याची चाचणी करू, पहिल्या चाचण्यांचा खर्च संघटना आणि आमचे मंडळ निम्मा-निम्मा उचलेल. दोन गल्ल्या निवडा, एक जुन्या पद्धतीने, एक नव्या. तीन पावसाळे पाहू.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "निम्मा खर्च तुम्ही देणार? आजवर आमच्याकडे आलेला प्रत्येक जण काहीतरी मागायलाच आला." त्यांनी कार्यकारिणीपुढे विषय ठेवण्याचे कबूल केले आहे. बैठक दिवाळीनंतर आहे. होकार येईल असे आम्ही सांगू शकत नाही. त्यांच्यातलेच काही जण म्हणतात की जुना माल वापरायचा तर प्लांटमध्ये बदल करावा लागेल, त्याचा खर्च कोण देणार? ही शंका रास्त आहे. थोड्या प्रमाणात जुना माल घालायला मोठा बदल लागत नाही; प्रमाण वाढवायचे तर लागतो. म्हणून आम्ही सुरुवात थोड्यापासून करा म्हणालो.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमच्या गटाची मागणी एवढीच की चाचण्यांच्या निम्म्या खर्चाला आजच्या सभेने मंजुरी द्यावी. रकमेचा अंदाज खजिनदारांकडे दिला आहे. कोणी विचारेल, ग्रंथालयाच्या नव्या कपाटांचे पैसे यात जाणार का? काही अंशी, होय. पण पाणी येतच राहिले तर नव्या कपाटांतली खालची फळीही रिकामीच ठेवावी लागेल.

बाहेर पडताना दाराशी आमच्या गटाची मुले कागद घेऊन उभी आहेत. त्यावर तीन रकाने आहेत: मूळ पायऱ्या किती होत्या, आज किती दिसतात, आणि उंबरठ्यापासून रस्त्याची आजची उंची किती. घरी गेल्यावर टेप लावून मोजा. मूळ पायऱ्या किती ते आठवत नसेल तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा किंवा जुन्या लग्नाचा फोटो काढून पाहा. ओट्यावर उभे राहून काढलेला फोटो प्रत्येक घरात असतोच. बाहेरगावच्या प्रतिनिधींनी आपल्या पेठेतली किमान दहा घरे मोजून कागद मंडळाच्या पत्त्यावर पाठवावेत. दिवाळीच्या बैठकीला आम्हाला ते आकडे घेऊन जायचे आहेत.